जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर) अमाइनचं पीक, म्हणजे आलेखावरचा सुळका, शेपटी सोडतंय, रिकव्हरी पण गायब. कुणी गेलंय का या वाटेनं?

हिरवी_पट्टी | सोम, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, इथे एरवी पाककृती आणि ट्रेकचे धागे वाचायला येते, आज पहिल्यांदाच कामाचं रडगाणं घेऊन आलेय, चुकीच्या विभागात पडलं असेल तर संपादकांनी हलवा.

तारापूरला एका एपीआय (औषधातला मूळ सक्रिय घटक) बनवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅनालिटिकल लॅबमध्ये आहे, तीन वर्षं झाली. आमचा मॉलिक्युल हायड्रोक्लोराइड सॉल्ट आहे, शेवटून दुसऱ्या स्टेपला ट्रायइथाइलअमाइन वापरतात (पुढे टीईए लिहिते), आणि तो फायनलमध्ये किती उरतो ते रेसिड्युअल सॉल्व्हंटच्या (औषधात उरलेल्या द्रावकांच्या) मेथडमध्येच बसवायचंय. हेडस्पेस जीसी (बंद व्हायलमधली द्रवावरची वाफ यंत्रात जाते), एफआयडी म्हणजे ज्योतीचा डिटेक्टर, ६२४ टाइपचा कॉलम (पदार्थ वेगळे करणारी नळी) ३० मीटर, ०.५३ मिमी, ३ मायक्रॉन फिल्म. डायल्युअंट डायमिथाइलअ‍ॅसिटामाइड म्हणजे डीएमए. २० एमएलच्या व्हायलमध्ये १०० मिग्रॅ सॅम्पल, १ एमएल डायल्युअंट, १०० डिग्रीला ३० मिनिटं.

मेथॅनॉल, अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट, टोल्युइन सगळे सरळ येतात, टोल्युइनचं पीक तर फ्रेम करून लावावं असं आहे. टीईए मात्र असा येतो की जणू घसरगुंडी, टेलिंग (शेपटीचं माप, सरळ पीक म्हणजे १) ३.६. स्टँडर्डची सहा इंजेक्शनं मारली की पहिल्याचा एरिया सगळ्यात कमी आणि पुढे वाढतच जातो, आरएसडी (आकड्यांमधली फारकत) १८ टक्के. आणि सॅम्पलमध्ये स्पाइक केला, म्हणजे मोजून टीईए मिसळला, की रिकव्हरी (त्यातला परत मिळालेला भाग) ३८ ते ४२ टक्के. आमचे साहेब म्हणतात कॉलम बदल. दोन बदलले. तिसरा मागायची हिंमत नाही.

---

घोंगडं | सोम, रात्री १०:३१

मला यातलं फक्त घसरगुंडी कळलं. पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

---

सिलॅनॉल | सोम, रात्री ११:०५

माहिती नीट दिलीस म्हणून लगेच लिहितोय, नाहीतर "पीक खराब येतंय हेल्प" एवढंच लिहून लोक पळून जातात.

तुला एक नाही दोन आजार झालेत आणि तू एकाच गोळीनं दोन्ही बरे करायला बघतेयस. टेलिंग आणि वाढत जाणारा एरिया हा एक. रिकव्हरी हा दुसरा. स्टँडर्डमध्ये सॅम्पल नाही तरी टेलिंग आहे ना, म्हणजे ते यंत्राकडचं. रिकव्हरी फक्त सॅम्पल असताना पडते, म्हणजे ते व्हायलमधलं.

आधी पहिला घेऊ. टोल्युइन सरळ आहे म्हणजे कॉलम नीट कापलाय, नीट बसवलाय, कुठे डेड व्हॉल्युम नाही. तसं काही असतं तर सगळीच पीकं बिघडली असती. फक्त बेसिक माणूस अडखळतोय. काचेच्या आणि सिलिकाच्या पृष्ठभागावर Si–OH असतात, ते किंचित आम्लधर्मी, आणि अमाइनच्या नायट्रोजनवर ती इलेक्ट्रॉनची जोडी मोकळी असते. दिसलं की चिकटलं. थोडे रेणू चिकटतात, हळूहळू सुटतात, ती तुझी शेपटी. आणि काही सुटतच नाहीत, ते पहिल्या इंजेक्शनला गेलेले. जागा भरत गेल्या की पुढच्या इंजेक्शनचं कमी मरतं, म्हणून एरिया चढतो.

तर कॉलम सोड. लायनर (इनलेटमधली काचेची नळी) कुठला आहे ते सांग. आणि हेडस्पेसची ट्रान्सफर लाइन आणि लूप स्टीलचे आहेत की कोटिंगवाले?

---

रिटेन्शन_टाइम | सोम, रात्री ११:२०

मी एमएससीला आहे, मध्ये घुसतोय, सॉरी. आमच्या डिपार्टमेंटच्या जीसीला कॅरिअर नायट्रोजन आहे. नायट्रोजन असलेली कंपाउंड बघायला एनपीडी (नायट्रोजन-फॉस्फरस डिटेक्टर) लावतात असं शिकवलं, मग कॅरिअरच नायट्रोजन असेल तर डिटेक्टर आंधळा नाही का होणार?

---

सिलॅनॉल | सोम, रात्री ११:३४

@रिटेन्शन_टाइम नाही होत. एनपीडीत रुबिडियमसारख्या अल्कली धातूचं मीठ असलेला मणी तापवलेला असतो, त्याच्याभोवती जेमतेम हायड्रोजन, मिनिटाला ३ एमएलच्या आसपास, ज्योत पेटण्याइतकाही नाही. तिथे कार्बनला जोडलेला नायट्रोजन तुटून आयन तयार होतो आणि करंट मिळतो. N२ ला तिहेरी बंध, तो तिथे ढिम्म हलत नाही. त्यामुळे कॅरिअर नायट्रोजन चालतो.

पण अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये सॅम्पल बनवून एनपीडीवर मारू नकोस, त्यात नायट्रोजन आहे, सॉल्व्हंटचाच डोंगर येईल. क्लोरिनवाले सॉल्व्हंट पण नकोत, मणी लवकर म्हातारा होतो. आणि ६२४ कॉलममध्ये सायनो ग्रुप असतात, त्याचा ब्लीड (तापल्यावर सुटणारा अंश) एफआयडीवर खपून जातो, एनपीडीवर बेसलाइन उचलून धरतो.

---

जुनं_खोड | मंगळ, सकाळी ६:४८

मुलांनो, तुम्ही अमाइनला नवीन दुखणं समजताय. जीसीचा जन्मच यात झालाय. जेम्स आणि मार्टिन, लंडनजवळची मिल हिलची संस्था, १९५२. पहिला पेपर फॅटी अ‍ॅसिडचा, आणि त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये लागोपाठ अमोनिया आणि मिथाइलअमाइनचा, त्यामागून जेम्सचा एकट्याचा, मोठी अमाइन आणि पिरिडीनच्या भावंडांचा. डिटेक्टर कसला? टायट्रेशन! कॉलममधून वायू बाहेर आला की द्रावणात बुडबुडे, आणि आपोआप ब्युरेट चालू. आलेखावर पीक नाहीत, पायऱ्या. एक अमाइन उतरला की एक पायरी.

आमच्या वेळी म्हणजे ८० च्या दशकात पॅक्ड कॉलम आम्ही स्वतः भरायचो. दोन मीटरची काचेची नळी, एका टोकाला सिलनाइज्ड काचेच्या लोकरीचा बोळा, व्हॅक्यूम लावायचा, दुसरीकडून क्रोमोसॉर्ब (कॉलममध्ये भरायचे दाणे) सोडायचं आणि पेन्सिलीनं टकटक टकटक करत तासभर बसायचं. जोरात ठोकलं की दाणे फुटायचे आणि उघडी पडलेली बाजू अमाइन खायची. अमाइनसाठी दाण्यांवर कार्बोवॅक्सच्या लेपाबरोबर पोटॅश चढवायचो, म्हणजे केओएच. टक्का दोन टक्के. सगळी गंमत त्या पोटॅशमध्ये होती. वाटेवर आधीच बेस बसवून ठेवला की आम्लाच्या जागा भरलेल्या, तुमचा अमाइन निवांत निघून जातो. रात्रभर कंडिशनिंग, डिटेक्टरला न जोडता. एकदा एकानं जोडून ठेवला होता, सकाळी साहेबांनी त्याला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एरिया कसा काढायचो विचारा. चार्ट पेपरवरचं पीक कात्रीनं कापून अ‍ॅनालिटिकल बॅलन्सवर तोलायचो. शेपटीवालं पीक आलं की भांडण, शेपटी कुठे कापायची.

मुद्दा: पोरी, सिलॅनॉल म्हणतोय ते बरोबर आहे, लायनर बघ.

---

घोंगडं | मंगळ, सकाळी ८:१५

कात्रीनं पीक कापून तोलायचे _/\_ काका, दंडवत. वाखू (वाचनखूण) साठवली.

---

ताम्हण | मंगळ, सकाळी ९:०२

एवढं काय डोकं लावायचं त्यात. सिक्वेन्सच्या आधी टीईएचं कडक सोल्युशन आठ-दहा वेळा मारायचं, सगळ्या जागा भरून जातात, मग सिस्टिम सुटेबिलिटी (यंत्र ठीक आहे का याची चाचणी) मारायची, पास. आम्ही वर्षानुवर्षं करतोय. इनलेट पण २८० ला ठेव.

---

सिलॅनॉल | मंगळ, सकाळी ९:४०

@ताम्हण प्रायमिंग (हे असं आधी जागा भरणं) चालतं, अर्धी दुनिया करते. पण ते मेथडमध्ये लिहिलंय का? किती इंजेक्शनं, कुठल्या कॉन्सन्ट्रेशनची, सिक्वेन्समध्ये नावासकट दिसतात का? नसेल तर ऑडिटर येईल आणि विचारेल की सुटेबिलिटीच्या आधी ही दहा इंजेक्शनं कसली, रिझल्ट आवडेपर्यंत मारत होतात का. "ट्रायल" नावाचा फोल्डर सापडला की पुढची दोन वर्षं उत्तरं लिहीत बसावं लागतं.

शिवाय प्रायमिंगनं भरलेल्या जागा रिकाम्याही होतात. वीस सॅम्पलनंतर परत तेच. सुरुवातीचं स्टँडर्ड पास, ब्रॅकेटिंगचं (शेवटी परत मारलेलं) फेल, असं झालंय की नाही सांग खरं.

२८० चं काही लॉजिक नाही. हेडस्पेसमध्ये आधीच वाफ येतेय, तिला अजून काय वाफवणार?

---

ताम्हण | मंगळ, सकाळी ९:५८

झालंय :) पण मेथडमध्ये लिहिलंय हो आमच्या, इतके पण आम्ही हे नाही.

---

हिरवी_पट्टी | मंगळ, रात्री ९:२६

सापडला!! म्हणजे एक तरी सापडला. लायनर काढला तर आत काचेची लोकर. आमच्या जीसीवर मागच्या महिन्यात दुसऱ्या ग्रुपनं लिक्विड इंजेक्शन केली होती, त्यांनी लोकरवाला लायनर घातला आणि तसाच सोडून दिला, लॉगबुकात पण नोंद नाही. लोकर पिवळट झालेली, वर काळे ठिपके. सेप्टमचा (रबरी बुचाचा) चुरा असणार.

डिअ‍ॅक्टिव्हेटेड सरळ लायनर घातला, लोकर नाही. ट्रान्सफर लाइन कोटिंगवाली आहे, मॅन्युअल काढून बघितलं. तेच स्टँडर्ड, तोच कॉलम (जुना, आधी काढून ठेवलेला): टेलिंग १.७, आरएसडी ३.१. पहिल्या इंजेक्शनचा एरिया अजून थोडा कमी आहे पण तो एकच.

म्हणजे बदललेले दोन्ही कॉलम चांगले होते. हे साहेबांना कसं सांगू ते वेगळ्या धाग्यात विचारते.

रिकव्हरी आज ४१. जैसे थे.

---

जुनं_खोड | मंगळ, रात्री ९:५०

काचेची लोकर म्हणजे अमाइनसाठी बाभळीचं बन. हेडस्पेसला तिचं कामच नाही, गाळायला काही नसतंच.

---

मालवणी_मासा | मंगळ, रात्री ११:१२

मी फार्मावाला नाही, रत्नागिरीत मासळी निर्यातीच्या लॅबमध्ये आहे, पण अमाइन आमच्या पाचवीला पुजलेले. रिकव्हरीचं मी सांगतो, आणि स्वयंपाकघरातून सांगतो.

माशात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं, त्याला वास नाही. मासा पडून राहिला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, तो तुमचा "मासळीचा वास". उकळबिंदू ३ डिग्रीच्या आत म्हणजे खोलीत तो वायूच. आता आमची आई बांगडे धुताना काय करते? आमसुलाचं नाहीतर चिंचेचं पाणी चोळते. वास जातो. गेला कुठे? कुठेच नाही. आम्लानं त्याचं मीठ केलं, मीठ उडत नाही, उडत नाही म्हणून नाकाला कळत नाही.

मी एकदा ते धुतलेलं पाणी वाटीत घेतलं आणि पानाचा चुना चिमूटभर टाकून ढवळला. अर्ध्या मिनिटात असा भपका की मांजर ओट्यावर. आई म्हणाली वाटी घेऊन परसात जा नायतर तूच भायर रव.

तुमचा सॅम्पल हायड्रोक्लोराइड आहे. म्हणजे व्हायलमध्ये आमसूल तुम्हीच घातलंय. टीईए तिथे मीठ होऊन बसलाय, तो वर हेडस्पेसमध्ये येणार कसा? ४० टक्के येतोय हेच नशीब. चुना घाला.

आम्ही टीव्हीबीएन (माशातला उडून जाणारा बेसिक नायट्रोजन) करतो तेव्हा सुद्धा मॅग्नेशियम ऑक्साइड टाकूनच डिस्टिल करतो, त्याशिवाय काहीच वर येत नाही.

---

रिटेन्शन_टाइम | मंगळ, रात्री ११:३०

हे आम्हाला कुणी असं का नाही शिकवत

---

सिलॅनॉल | मंगळ, रात्री ११:४१

+१०० मालवणी_मासा. मी पिकेए (बेस किती तगडा त्याचा आकडा) वगैरे लिहायला बसलो होतो, खोडलं. एवढंच जोडतो की टीईए बऱ्यापैकी तगडा बेस आहे, पिकेए १०.७ च्या वर. तुमचा मॉलिक्युल त्याच्यापेक्षा दुबळा बेस असेल तर टीईए त्याच्याकडून एचसीएल हिसकावून घेतो. म्हणून स्पाइक केलेला टीईए पण अडकतो.

---

हिरवी_पट्टी | बुध, रात्री ८:५५

मांजर ओट्यावर :D

चुना म्हणून आज सोडियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं सोल्युशन थोडं टाकलं डायल्युअंटमध्ये. रिकव्हरी एकदम ८९ वर गेली, नाचणार होते, तेवढ्यात ब्लँक (सॅम्पल न घातलेली व्हायल) बघितला. ब्लँकमध्ये मेथॅनॉलच्या अलीकडे एक नवीन पीक. मोठं. आधी कधीच नव्हतं. व्हायल बदलल्या, सेप्टम बदलले, पाणी बदललं, येतंच आहे. व्हायल जास्त वेळ तापवली की वाढतं.

---

मालवणी_मासा | बुध, रात्री ९:०८

थंड झालेली व्हायल हूडमध्ये उघडून हातानं वारा घेऊन वास बघा, थेट नाक घालू नका. मासळी बाजार आला तर डायमिथाइलअमाइन.

---

जर्सीकर | बुध, रात्री ९:३७ (माझी सकाळ)

बरोबर पकडलंय. डायल्युअंट डायमिथाइलअ‍ॅसिटामाइड ना, त्यात कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि १०० डिग्री म्हणजे अमाइड फुटतो, एकीकडे अ‍ॅसिटेट, दुसरीकडे डायमिथाइलअमाइन. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) घेतला असता तर अजून लवकर फुटला असता. तुझं पीक सॅम्पलमधलं नाही, तू व्हायलमध्ये शिजवलंयस.

यावरून सांगतो, इथे न्यू जर्सीत आमच्याकडे त्या काळात झोप उडाली होती. जुलै २०१८ ला व्हॅलसार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए म्हणजे नायट्रोसोडायमिथाइलअमाइन, कर्करोगाचा धोका असलेलं, सापडलं. टेट्राझोल रिंग बनवताना अझाइड वापरायचे, उरलेलं अझाइड मारायला सोडियम नायट्राइट टाकायचे, सॉल्व्हंट डीएमएफ. डीएमएफमध्ये डायमिथाइलअमाइन थोडं असतंच, त्याची आणि नायट्राइटची गाठ पडली. मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. व्हॅलसार्टनचा मोठा डोस ३२० मिग्रॅ, भागाकार करा, ०.३ पीपीएम (दहा लाखांत ०.३ भाग). हिरवीताई, तुमचा टीईए क्लास ३ (कमी धोक्याचा गट), तुम्ही ५००० पीपीएमवर बसलायत, म्हणजे राजेशाही आहे.

ते काम सुरुवातीला हेडस्पेस जीसी-एमएसवर (जीसीला मास स्पेक्ट्रोमीटर जोडून) झालं आणि छान झालं. मग २०१९ ला रॅनिटिडिन (अ‍ॅसिडिटीची गोळी) आलं. एका खासगी लॅबनं जीसीवर आकडे काढले ते इतके अफाट की कुणाचा विश्वास बसेना. एफडीएनं (अमेरिकेच्या औषध नियामकानं) सांगितलं की तुमच्या पद्धतीत सॅम्पल १३० डिग्रीला तापतोय आणि रॅनिटिडिन स्वतःच तापलं की एनडीएमए तयार करतं, जीसी यासाठी नको, एलसी-एचआरएमएस (सॅम्पल न तापवता द्रवातच मोजायची पद्धत) घ्या. रॅनिटिडिनच्या रेणूतच डायमिथाइलअमिनोचा तुकडा आहे आणि नायट्रोही आहे. पुढे एप्रिल २०२० ला त्यांनी रॅनिटिडिन बाजारातून काढायलाच सांगितलं, कारण साठवणीतही ते वाढतं असं निघालं. म्हणजे आकडा खोटा होता, आरोप पूर्ण खोटा नव्हता. माझं तेव्हापासूनचं मत: जीसीवर नायट्रोजनवाला पदार्थ दिसला की पहिला प्रश्न, हा आत आला की आत जन्मला.

अजून एक. टीईएमध्ये डायइथाइलअमाइन थोडं अशुद्धी म्हणून असतं, आणि तुमच्या रूटमध्ये कुठे नायट्राइट असेल तर एनडीईए (एनडीएमएचं डायइथाइल भावंड), त्याची मर्यादा २६.५ नॅनोग्रॅम. तेव्हा टीईएचा ड्रम घेताना डायइथाइलअमाइन वेगळं दिसतंय का ते पण बघा.

---

घोंगडं | बुध, रात्री १०:०२

माझ्या वडिलांनी आयुष्यभर ती गोळी चणे-फुटाण्यासारखी खाल्ली. पॉपकॉर्न बाजूला ठेवला.

---

जर्सीकर | बुध, रात्री १०:११

@घोंगडं घाबरवायचा हेतू नव्हता. अ‍ॅसिडिटीला दुसऱ्या गोळ्या आहेत, डॉक्टरांना विचारून घ्या, इथे मी केमिस्ट आहे डॉक्टर नाही.

---

ताम्हण | बुध, रात्री १०:२५

डायइथाइलअमाइन त्याच ६२४ वर बघायला गेलात तर परत घसरगुंडी. सेकंडरी आहे, N–H आहे.

---

सिलॅनॉल | बुध, रात्री १०:४९

हे ताम्हण बरोबर बोलला. तृतीय अमाइन त्यातल्या त्यात गुणी, द्वितीयला एक हायड्रोजन असतो धरायला, प्रथमला दोन. उकळबिंदूत पण दिसतं बघा, ट्रायमिथाइलअमाइन जड असून ३ डिग्रीला उकळतं, डायमिथाइल हलकं असून ७ ला, कारण तृतीयला हात धरायला हायड्रोजन नाही. म्हणून ही दोघं साध्या नॉनपोलर कॉलमवर एकमेकांना घासून येतात आणि पोलर कॉलमवर ट्रायमिथाइल पुढे सटकतं.

हलकी अमाइन नेहमीची असतील तर त्यासाठीच बनवलेला कॉलम घ्या. सीपी-व्होलामाइनसारखे जाड फिल्मचे नॉनपोलर मिळतात, फिल्म जाड की रेणू भिंतीपर्यंत कमी पोचतो, आणि हलक्या वायूंना थांबायला जागा पण मिळते. नाहीतर स्टॅबिलवॅक्स-डीबीसारखा बेस देऊन शांत केलेला पॉलिइथिलीन ग्लायकॉल. काकांच्या पोटॅशचाच नातू तो. फक्त एक पथ्य, त्या कॉलमवर आम्लधर्मी काही घालायचं नाही, आणि एकदा अमाइनला दिला की अमाइनलाच ठेवायचा. लॅबमध्ये हे पाळलं जात नाही, दुसऱ्या दिवशी कुणीतरी अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड मारून मोकळा होतो.

कॉलम कुठल्या बाजूला झुकलाय ते बघायला ग्रोबची टेस्ट मिक्स आहे. त्यात डायमिथाइलअ‍ॅनिलीन आणि डायमिथाइलफिनॉल दोन्ही असतात, अ‍ॅनिलीनवालं पीक खचलं तर कॉलम आम्लधर्मी झालाय, फिनॉलवालं खचलं तर उलट.

आणि हिरवी_पट्टी, डायल्युअंट डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) घे, त्यात अमाइडच नाही. बेस म्हणून डीबीयू. सेंद्रिय आहे, विरघळतं, तगडं आहे, आणि खूप वर उकळतं म्हणून हेडस्पेसमध्ये फार येत नाही. पाणी पण टळेल.

---

हिरवी_पट्टी | शुक्र, रात्री १०:४०

काल लाइट गेली म्हणून काही झालं नाही. आज डीएमएसओमध्ये १ टक्का डीबीयू. ब्लँक स्वच्छ, फक्त डीएमएसओचा स्वतःचा तो छोटा डायमिथाइल सल्फाइड. टेलिंग १.४. एवढं सुंदर टीईएचं पीक मी जन्मात बघितलं नव्हतं.

रिकव्हरी ६१.

मी आता खरंच रडेन.

---

जुनं_खोड | शुक्र, रात्री १०:५२

रडण्याआधी पाटी-पेन्सिल घे. मॉलिक्युलर वेट किती?

---

हिरवी_पट्टी | शुक्र, रात्री १०:५५

४०० च्या आसपास काका, नक्की नाही सांगू शकत.

---

जुनं_खोड | शुक्र, रात्री ११:१०

४०० धरू. १०० मिग्रॅ सॅम्पल म्हणजे ०.२५ मिलिमोल, म्हणजे ०.२५ मिलिमोल एचसीएल. डीबीयू १ टक्का, १ एमएलमध्ये १० मायक्रोलीटर, साधारण १० मिग्रॅ, वजन १५२, म्हणजे ०.०६७ मिलिमोल. तुझ्या आमसुलाला लागणाऱ्या चुन्याचा पाव भाग घातलायस तू. उरलेलं आम्ल टीईएच्या मानगुटीवर. ५००० पीपीएम धरला तरी टीईए फक्त ०.००५ मिलिमोल, त्याच्या पन्नासपट एचसीएल तिथे बसलंय.

पाच टक्के कर. ५० मायक्रोलीटर, ०.३३ मिलिमोल, आम्लापेक्षा जास्त.

मोबाइलवर टाइप करताना डोळे गेले. झोपतो.

---

सिलॅनॉल | शुक्र, रात्री ११:१८

हे मी सांगायला हवं होतं, किती टक्के तेही सांगितलं नाही, पण तूही मोल मोजले नाहीस. दोघंही नापास.

---

हिरवी_पट्टी | सोम, रात्री ८:३०

५ टक्के डीबीयू. तीन लेव्हलला तीन-तीन: ९६ ते १०१. टेलिंग १.३, सहा इंजेक्शनांचा आरएसडी १.९. स्टँडर्ड पण त्याच डायल्युअंटमध्ये केलं.

सॅम्पलमध्ये खरा टीईए किती ते मात्र आता वेगळंच निघालंय. आधीच्या मेथडनं आम्ही ११०० पीपीएमच्या आसपास रिपोर्ट करत होतो, तीच बॅच आज २७००. लिमिटच्या आत आहे म्हणून कुणाची नोकरी जात नाहीये, पण जुन्या बॅचेसचं काय यावर उद्या मीटिंग आहे आणि मला बोलवलंय. तिथे आमसूल म्हणून बोलू का?

एक शंका राहिली, हा डीबीयू हळूहळू लाइनमध्ये, लायनरमध्ये साचत जाणार का?

---

सिलॅनॉल | सोम, रात्री ९:०१

थोडा साचतो. सिक्वेन्सच्या शेवटी ओव्हन २४० ला दहा-पंधरा मिनिटं धर, दर चार-पाच दिवसांनी रिकामी व्हायल मारून मागे काही उशिरा येतंय का बघ, लायनर लॉगमध्ये बदलाची तारीख लिही. आणि हे यंत्र आता बेसला सवयीचं झालंय, दुसऱ्या ग्रुपला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं काम याच्यावर करू देऊ नकोस. पाटी लाव.

मीटिंगमध्ये टोल्युइनचं आणि टीईएचं पीक शेजारी शेजारी लावून दाखव, मग मोलचा हिशोब. दोन स्लाइड बास.

---

मालवणी_मासा | सोम, रात्री ९:१४

आमसूल म्हणाच. नाहीतर वाटी आणि चुना घेऊन जा.

---

हिरवी_पट्टी | मंगळ, दुपारी ४:२०

म्हटलं. साहेब सावंतवाडीचे निघाले.